एकोणिसाव्या पाठावर

पद्मजा दुडमने तो अर्ज भरला एका मंगळवारी दुपारी, कोर्टाच्या आवारातल्या आपल्या टेबलावर बसून. एक अशील उठून गेला होता, दुसरा झेरॉक्स काढायला गेला होता, तेवढ्या वेळात.

सोलापूरच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिस्टांची रांग बसे, तिच्यात तिसरं टेबल पद्मजाचं. अठरा वर्षं ती तिथे लोकांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देत होती. पण आता मसुदे यंत्रंच करू लागली होती. फोनवर दोन वाक्यं बोललं की कायद्याच्या भाषेतला कागद तयार. माणूस लागायचा तो एवढ्यासाठीच, की आलेल्याला शेजारी बसवून काय घडलं ते नीट विचारायचं, कागदात काय लिहिलंय ते त्याला समजावून सांगायचं आणि त्याखाली जबाबदारीची सही करायची. अशा माणसाला विधी-सहायक म्हणायचं ठरलं होतं. दिवाळीनंतर त्याचं प्रमाणपत्र, किंवा निदान कोर्सला प्रवेश घेतल्याचा कागद असल्याशिवाय आवारात कुणाला टेबल मांडता येणार नव्हतं.

'विधिमार्ग' नावाच्या संस्थेचा अकरा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स होता. चोवीस पाठ. पद्मजाने नाव लिहिलं, वय सेहेचाळीस लिहिलं, बी.कॉम.चा दाखला जोडला. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: 'माझी छाया काढण्यास माझी संमती आहे.' तिला वाटलं फोटो काढणार असतील. तिने बोट टेकवलं.

मुलाखत तीन तास चालली. घरी, आतल्या खोलीत, लॅपटॉपसमोर. विचारणारा आवाज बाईचा होता, पण बाई नव्हती हे उघड होतं. कायद्याचं त्याने काहीच विचारलं नाही. तुमच्या टेबलाचा कुठला पाय हलतो? शेवटचं कुणाला न सांगता काय फेकून दिलंत? एखादा माणूस खोटं बोलतोय हे कळल्यावर तुम्ही आधी त्याच्याकडे पाहता की कीबोर्डकडे? पद्मजा उत्तरं देत गेली. दोनेक तासांनी तिच्या लक्षात आलं, की तो आवाज आता तिच्यासारखा थांबू लागला आहे. वाक्य सुरू करायच्या आधी ती जशी जिभेने टाळूला हलकेच टक् करायची, तसंच पलीकडून टक् होत होतं. तिने बोलणं मुद्दाम भरभर केलं. पलीकडचा आवाजही भरभर बोलू लागला.

आठव्या दिवशी उत्तर आलं. 'आपला प्रवेश नाकारण्यात येत आहे. कारण: पाठ १९.'

कोर्स सुरूच झाला नव्हता, तर एकोणिसावा पाठ कुठून आला? पद्मजाने चिडून तक्रार नोंदवली. मग संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातून एका खऱ्या बाईने व्हिडिओवर फोन केला. शाहीन बागवान नाव त्यांचं. तिशीतल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण बोलणं मऊ.

"मॅडम, तुम्ही पाठ एकोणीसवर थांबलात," त्या म्हणाल्या.

"मी अजून पहिला पाठ उघडला नाही बाई."

"तुम्ही नाही. तुमची छाया."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. ऑनलाइन कोर्स लोक उत्साहाने सुरू करतात आणि निम्मे मध्येच सोडतात. म्हणून संस्था प्रत्येक अर्जदाराची एक प्रतिकृती तयार करते. माणसाची मुलाखत, त्याचा आवाज, त्याने आयुष्यात जे जे टाइप केलं ते सगळं घेऊन यंत्र शिकतं, की हा माणूस कशानंतर काय करतो. मग ती प्रतिकृती संस्थेच्या संगणकात पूर्ण कोर्स करते. पाठ वाचते, गृहपाठ लिहिते, कंटाळते, परत येते. अकरा महिन्यांचा कोर्स चाळीस मिनिटांत होतो.

"पण एकदाच करून भागत नाही," शाहीन म्हणाल्या. "पाऊस सांगणारे लोक काय करतात? आजची हवा घेतात, तिच्यात केसाएवढा फरक करतात आणि पुढचे दहा दिवस पुन्हा पुन्हा मांडून बघतात. पन्नासपैकी चाळीस वेळा पाऊस आला तर म्हणतात, पाऊस येणार. आम्ही तसंच करतो. तुमच्या हजार छाया काढल्या. एकीला त्या दिवशी झोप कमी मिळालीय, एकीचा नवऱ्याशी वाद झालाय, एकीला कोर्स फार आवडलाय. अशा हजार. साधारणपणे अर्जदाराच्या छाया सगळीकडे विखुरतात. कुणी तिसऱ्या पाठावर सोडतं, कुणी पास होतं. तुमच्या..." त्या थांबल्या. "तुमच्या हजारपैकी नऊशे शहाण्णव जणी एकोणिसाव्या पाठावर थांबल्यात. असं मी आजवर पाहिलेलं नाही."

"काय आहे त्या पाठात?"

"साधा पाठ आहे. स्वतः पाहिलेल्या एका घटनेचं प्रतिज्ञापत्र लिहायचं. कुठलीही घटना. लोक अपघात लिहितात, भांडण लिहितात."

"आणि यांनी काय लिहिलं?"

"नऊशे शहाण्णव जणींनी एकच घटना लिहिलीय," शाहीन म्हणाल्या. "तुमच्या हक्काप्रमाणे नोंद तुम्हाला बघता येते. पाठवते. मी वाचायला नको होती, पण वाचली. माफ करा."

पद्मजाला तेव्हाच कळलं, कुठली घटना. हातातला चहा तिने खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट कुणाला तरी तारीख सांगत होता आणि तो आवाज फार लांबून येत होता.

तरी तिने विचारलं, "लिहून झाल्यावर थांबल्या म्हणजे काय झालं? पुढचा पाठ अवघड होता?"

"नाही. कुणी अडवलं नव्हतं. आम्हाला वाटलं वेळ कमी पडला, म्हणून वेळ वाढवून दिला. त्यांच्या हिशोबाने एक वर्ष, मग दोन वर्षं. त्या स्क्रीनसमोर बसून राहतात. मधूनच एक अक्षर टाइप करतात आणि पुसतात."

"अजून?"

"अजून. तुमचं प्रकरण खुलं आहे तोवर."

*

नोंद तिने घरी, स्वयंपाकघरात उभ्याने वाचली.

'मी, पद्मजा अंबादास दुडम, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की...' तिचीच ढब होती. ती 'लिहून देते' नंतर कायम दोन जागा सोडायची, त्याही सोडलेल्या होत्या.

घटना सोळा वर्षांपूर्वीची. अशोक चौकामागचं हे घर तिच्या सासऱ्यांनी, नायनांनी, मागावर आयुष्य घालवून बांधलेलं. ते गेल्यावर घर दोन मुलांच्या नावावर आलं: अंबादास आणि त्याची थोरली बहीण भूदेवी. अंबादासला वर मजला चढवायचा होता, त्यासाठी उतारा एकट्याच्या नावावर हवा होता. भूदेवी तेव्हा नवऱ्याच्या घरी, विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात राहायची. अंबादासने तिला बोलावून घेतलं, 'एका कागदावर सही हवी' म्हणून. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. बहिणीने आपला अर्धा वाटा राजीखुशीने भावाला सोडून दिला, असा. टाइप केला होता पद्मजाने. भूदेवीला मराठी वाचता येत नव्हतं. कागदाच्या शेवटी नेहमीची ओळ होती: 'सदर दस्त मला वाचून दाखवला, समजला, मान्य आहे.' पद्मजाने ती ओळ टाइप केली आणि वाचून मात्र दाखवलं नाही.

दोन वर्षांनी भूदेवीचा नवरा वारला. ती माहेरी आली तेव्हा अंबादासने कागद पुढे केला. भूदेवी आपल्या अंगठ्याच्या ठशाकडे बराच वेळ बघत राहिली आणि निघून गेली. त्यानंतर चौदा वर्षं तिने या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

हे पद्मजाने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाखतीत तर नाहीच. मग यंत्राला कसं कळलं, हे नोंदीच्या शेवटी जोडलेल्या एका तक्त्यात होतं. तिच्या लॅपटॉपमध्ये, जुन्या संगणकावरून उतरवलेल्या फाइलींसकट, प्रत्येक फाइलबरोबर कुठलं अक्षर कोणत्या क्षणी टाइप झालं तेही साठत गेलं होतं. पहिली दोन वर्षं 'वाचून दाखवला' ही ओळ तिच्या बोटांतून एका दमात उतरायची. अडीच सेकंद. मग त्या हक्कसोडपत्राची तारीख. त्या दिवसानंतर टाइप केलेल्या प्रत्येक कागदात, एकूण सहा हजारांवर कागदांत, त्या ओळीच्या आधी तिची बोटं थांबली होती. कधी चार सेकंद, कधी अकरा. आपण थांबतो हे पद्मजाला माहीतच नव्हतं. यंत्राने ते थांबणं उचललं, ते सुरू झालं तो कागद उघडला, त्यावरची आडनावं पाहिली. बाकीचं हजार छायांनी स्वतःच आठवलं.

एक गोष्ट मात्र कागदात नव्हती, तक्त्यात नव्हती, तरी नऊशे शहाण्णव जणींनी लिहिली होती. शब्द इकडेतिकडे, पण गोष्ट तीच: 'सही करण्यापूर्वी माझ्या नणंदेने मला विचारले, यात काय लिहिले आहे गं? मी म्हणाले, घरपट्टीचे आहे.'

पद्मजाने ते वाक्य तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला असं काही आठवत नव्हतं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिला भूदेवीचा आवाज ऐकू आला, निबंधक कार्यालयातला पंखा आठवला, आणि स्वतःच्या तोंडून निघालेला 'घरपट्टीचे' हा शब्दही. आता आठवणीतून तो काढून टाकता येत नव्हता.

*

अंबादास सहाला आला. तो युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होता. शर्टावर कायम दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. पद्मजाने त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला. तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत गेला. मग त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

"हे त्या संस्थेत किती जणांनी वाचलंय?"

"एका बाईने."

"आणि चौघी?" त्याने बोट ठेवलं. "हजारातल्या चौघी पास झाल्यात ना? त्यांनी काय लिहिलंय?"

चौघींनी काय लिहिलं ते शेवटच्या पानावर होतं. त्यांनी रिक्षा आणि दुधाच्या गाडीच्या धडकेचं प्रतिज्ञापत्र लिहिलं होतं. नीटनेटकं, बिनचूक. अशी धडक पद्मजाने कधी पाहिली नव्हती. खाली संस्थेची एक सूचना होती: 'अर्जदाराची इच्छा असल्यास यशस्वी छायांच्या मार्गाने मार्गदर्शित प्रवेश देता येईल.'

"म्हणजे काय?" अंबादासने विचारलं.

"म्हणजे त्या चौघी जशा वागल्या तसं मला अकरा महिने वळण लावणार. काय वाचायचं, कधी झोपायचं, काय आठवायचं नाही. मी त्यांच्यासारखी झाले की प्रमाणपत्र."

"मग घे ना."

"अंबादास, त्या चौघी खोटं लिहून पास झाल्यात."

"त्या चौघी पण तूच आहेस," तो म्हणाला. रागाने नाही, समजूत घातल्यासारखा. "दुसऱ्या कुणी नाहीत. तुझ्यातच आहेत. आणि टेबल गेलं तर करणार काय तू घरात बसून?"

तिने घरपट्टीच्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे खरं का? तिने विचारलं होतं? मी घरपट्टीचं म्हणाले होते?"

अंबादासने पुन्हा चष्मा लावला, वाचलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग हळूहळू गेल्या.

"हो," तो म्हणाला. "म्हणाली होतीस. मी होतो ना तिथे. पंखा चालू होता. घरपट्टीचंच म्हणाली होतीस."

पंख्याबद्दल तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. नोंदीतही पंखा नव्हता. दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती. मग ती घडली असलीच पाहिजे. पण आज दुपारपर्यंत ती दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हती.

*

पुढचे तीन दिवस तिने टेबलावर काम केलं, पण 'वाचून दाखवला' ही ओळ आली की बोटांकडे बघत बसायची. ती थांबायची. आता तिला माहीत होतं म्हणून थांबत होती की आधीपासूनच थांबत होती, कुणास ठाऊक. मुद्दाम भरभर टाइप करून पाहिलं, तर ओळ चुकली. एका म्हाताऱ्या अशिलाने विचारलं, "अक्का, बरं नाही का?" ती म्हणाली, बरं आहे. आणि म्हणतानाच तिला वाटलं, की हे उत्तरसुद्धा कुठेतरी आधीच लिहून ठेवलेलं असेल.

शुक्रवारी सकाळी तिने शाहीनना फोन लावला.

"मार्गदर्शित प्रवेश नको," ती म्हणाली. "माझा अर्ज मागे घ्या."

"टेबल जाईल मॅडम."

"जाऊ दे."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. तोपर्यंत काही बदललं तर..."

"त्या बसल्यात ना अजून? नऊशे शहाण्णव जणी?"

"हो."

"त्यांना कळतं का काही?"

शाहीनना हा प्रश्न आवडला नाही, किंवा फार वेळा पडून गेलेला असावा. "आम्हाला सांगतात, नाही कळत," त्या म्हणाल्या. "मी आज सकाळी बघायला गेले होते. एकीने अक्षर टाइप केलं, 'भू'. मग पुसलं. मग शेजारच्या रांगेत दुसरीने तेच. त्या एकमेकींना दिसत नाहीत मॅडम. मी आज चहा प्यायले नाही."

"बंद करा त्यांना," पद्मजा म्हणाली. "अर्ज मागे घेतला ना मी. बंद करा."

पलीकडे टिचकी वाजली. एवढंच. पद्मजाने टेबल आवरलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि विडी घरकुलाची बस धरली. दिवाळीनंतर तिचं टेबल उचललं गेलं ते गेलंच, पण त्या सकाळी त्याचा विचार तिच्या मनात आला नाही. बसमध्ये बसल्यावर तिला दुसरीच भीती वाटत होती. आपण निघालोय, की त्यांच्यापैकी एखादी उठून निघालीय?

*

भूदेवीचं घर दोन खोल्यांचं. विड्या वळायचं काम बंद पडल्यापासून ती गोधड्या शिवायची. पासष्टीची, सुकलेली, पण ताठ. दारात पद्मजाला पाहून तिने सुई कापडात खोचली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

पद्मजा जमिनीवर बसली. बसमध्ये तिने मनात वाक्यं जुळवली होती. पण तोंड उघडलं आणि बाहेर आली ती नोंदीतली वाक्यं. "तो कागद मी टाइप केला होता. त्यात काय आहे हे मला माहीत होतं. तुम्हाला वाचून दाखवल्याची ओळ मी लिहिली आणि वाचून दाखवलं नाही." तिने एखादा शब्द बदलून पाहिला, तर तो बदललेला शब्दही नोंदीतल्या कुणा ना कुणा छायेने वापरलेला होता, हे तिला बोलता बोलताच आठवायचं. आपण सांगतोय की पाठ म्हणतोय, तिला समजेना. रडू आलं तेही तिला संशयास्पद वाटलं. तरी ती शेवटापर्यंत गेली. "तुम्ही मला विचारलंत, यात काय आहे. आणि मी म्हणाले, घरपट्टीचं आहे."

"कोण म्हणालं असं?" भूदेवी म्हणाली.

"मी. मी म्हणाले, अक्का."

"मी कधी विचारलं तुला?"

पद्मजाने पदराने डोळे पुसले.

"मी काहीच विचारलं नव्हतं," भूदेवी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तेच तर मला चौदा वर्षं खातंय. माझी धाकटी जाऊ मला म्हणायची, तू विचारलं का नाहीस? तोंड शिवलं होतं का? कागदावर लिहिलंय वाचून दाखवलं, मग दाखवलं असेल, तुझंच लक्ष नसेल. मला वाटायचं, खरंच असेल. त्यांनी वाचलं असेल आणि मी वेड्यासारखी पंख्याकडे बघत बसले असेन. अंगठा मीच दिला ना? रोज सकाळी उठून मी स्वतःला मूर्ख म्हणते. अंबादासला नाही, तुला नाही. मला."

"अक्का..."

"विचारायचं काय होतं त्यात? तू होतीस ना तिथे."

कुठल्याच छायेने हे वाक्य लिहिलं नव्हतं. भूदेवीने आयुष्यात काही टाइप केलं नव्हतं. तिचा फोन बटणांचा होता. तिचं थांबणं कुठल्या यंत्राने मोजलं नव्हतं. पद्मजाला पहिल्यांदाच पुढचं वाक्य सुचेना. डोकं रिकामं झालं, आणि त्या रिकामपणात ती हमसून हमसून रडली. या रडण्याबद्दल तिला कसलाच संशय आला नाही.

भूदेवीने तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही. मग ती उठली, आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने हिरव्या काठांचं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. दाराला कुलूप घातलं, चपला पायात सरकवल्या.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्याच्याकडे."

*

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते. अंबादास पुढच्या खोलीत रेडिओ उघडून बसला होता. दारात बहीण उभी पाहून तो उठला, तेव्हा मांडीवरचे स्क्रू फरशीवर घरंगळले. ते उचलायला तो वाकला नाही.

"बाजूला हो," भूदेवी म्हणाली. तो झाला.

ती आत आली. भिंतीवरच्या नायनांच्या तसबिरीसमोर जरा उभी राहिली, मग जमिनीवर मांडी घालून बसली. पाणी मागितलं. पद्मजा उठू लागली तशी तिने हाताने थांबवलं, आणि अंबादासच आत जाऊन तांब्या घेऊन आला. ती सगळं पाणी प्यायली.

"हिने सांगितलं," भूदेवी म्हणाली. "आता तू सांग. मी तुला काही विचारलं होतं का रे, त्या दिवशी?"

अंबादासने बायकोकडे पाहिलं. पद्मजाने मान हलवली नाही, खूणही केली नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, तो काय म्हणेल. सव्वीस वर्षांच्या संसारात हे तिला असं पहिल्यांदाच जाणवलं.

"नाही," तो म्हणाला. "तू काहीच विचारलं नाहीस अक्का. परवा मला वाटलं विचारलंस. आवाजसुद्धा ऐकू आला. पण तू तोंड उघडलंस ते फक्त मला म्हणायला, 'बारीक झालास.'"

भूदेवीने रिकामा तांब्या बाजूला ठेवला.

"अजून एक आहे," अंबादास म्हणाला. आता तो दोघींपैकी कुणाकडेच बघत नव्हता. "हिलापण माहीत नाही. नायनांनी जायच्या आधी एक कागद लिहिला होता. हाताने. माझ्या हातात दिला, म्हणाले, भूदेवीला दे. मी दिला नाही. फाडलापण नाही. फाडायला हात गेला नाही."

"कुठे आहे?"

तो आतल्या खोलीत गेला. माळ्यावर काही सरकवल्याचा, खाली काढल्याचा आवाज आला. पद्मजा ऐकत होती. अठरा वर्षं तिने या गावाचे कागद केले होते, आणि तिच्याच डोक्यावर माळ्यावर एक कागद होता, जो तिने कधी पाहिला नव्हता.

तो आला तेव्हा त्याच्या हातात वहीचं दुमडलेलं पान होतं, घड्यांवर पिवळं पडलेलं. पद्मजाने सवयीने हात पुढे केला. पान उघडलं आणि थांबली. अक्षरं तेलुगू होती. घरात सगळे तेलुगू बोलायचे, पण ती मराठी शाळेत शिकलेली, आणि अंबादासही.

"काय आहे यात, ते मला नायनांनी तोंडी सांगितलं होतं," अंबादास म्हणाला. "पण वाचता मला येत नाही. कधीच वाचलं नाही मी."

"आण इकडे," भूदेवी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"साखर पेठेतल्या तेलुगू शाळेत चौथीपर्यंत होते मी. विसरलास? तुला खांद्यावर घेऊन जायचे."

तिने पान घेतलं, उजेडाकडे धरलं, मग मांडीवर ठेवून बोटाने सपाट केलं. बोट पहिल्या अक्षराखाली टेकवलं. पन्नास वर्षांत तिने काही वाचलं नसावं. ओठ हलले, आवाज आला नाही, पुन्हा हलले. मग एकेक अक्षर सुटं सुटं बाहेर पडू लागलं आणि हळूहळू एकमेकांना चिकटू लागलं.

"पु-ढ-चं घर अंबादासचं," ती तेलुगूत वाचत होती. "मागची खोली आणि हौदाकडचं अंगण भूदेवीचं. तिला परत यावं लागलं तर... तिला... तिला कुणी..." ती अडखळली, मागे गेली, ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. नायना बोलायचे तशीच ती वाक्यं होती, लहान लहान, मध्ये खोकल्याएवढी जागा सोडलेली. खोलीत त्यांचा आवाज आल्यासारखा वाटला, आणि अंबादास तसबिरीकडे पाठ करून खाली बसला.

"तिला कुणी, का आलीस, असं विचारू नये," भूदेवीने वाचलं.

मग ती बोट पुढच्या ओळीवर सरकवायला लागली. ओळ लांब होती. कुणी घाई केली नाही.